आवाळूं आणि त्याची पिशवी



अंगावर हाताला लागेल अशी एखादी गांठ आली म्हणजे तिच्याकडे पाहण्याच्या दोन रीति आपल्या समाजांत आढळतात. कोणी ती कर्करोगाचीच असावी असें समजून रात्रंदिवस चिंतेंत पडतो, आणि ती चिंता घरांत बोलून दाखविण्याचेंही धैर्य त्यास होत नाहीं. दुसरा कोणी तिला अगदींच क्षुल्लक मानून नखांनीं दाबतो, सुईनें टोंचतो, अथवा कोणाच्या तरी सांगण्यावरून तिजवर चुना थापतो. पहिला भीतीमुळें फसतो, दुसरा उतावळेपणामुळें. दोघांनाही एकच गोष्ट ठाऊक नसते. ती ही कीं, गांठ आंतून कशी बनलेली आहे. ही माहिती सातवी-आठवींतील मुलास समजेल इतकी सोपी आहे, आणि एकदां ती समजली म्हणजे काय करावें व काय करूं नये हें बहुतेक आपोआप कळतें. म्हणून यंदाच्या अंकांत या विषयावर चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. आम्ही वैद्य नव्हे, शिक्षक आहों. तेव्हां औषध लिहून देण्याचा अधिकार आमचा नाहीं. परंतु शरीराची रचना समजावून सांगणें, व कोणत्या वेळीं डॉक्टरांचें दार ठोठवावें हें सांगणें, हें शिक्षकाच्या कामांतच मोडतें.

त्वचेखालीं येणाऱ्या या गांठीस मराठींत आवाळूं असा जुना शब्द आहे. गळूं निराळें, चामखीळ निराळी आणि आवाळूं निराळें. गळवांत पू असतो; तें लाल होतें, ठणकतें व थोड्या दिवसांत पिकतें. केसतूड म्हणजे केसाच्या मुळाशीं झालेलें गळूंच होय. चामखीळ त्वचेच्या पृष्ठभागावर उगवते आणि एका जातीच्या विषाणूमुळें होते. आवाळूं मात्र त्वचेच्या खालीं बसतें, महिनेच्या महिने, किंबहुना वर्षानुवर्षें हळूहळू वाढतें, आणि सामान्यतः मुळींच दुखत नाहीं. तें बहुधा चेहरा, मान, कानामागील भाग, छाती, पाठीचा वरचा भाग व डोकें या ठिकाणीं आढळतें. बोटानें चांचपलें असतां तें वाटोळें व गुळगुळीत लागतें, आणि वरच्या कातड्यासह थोडेंसें इकडे तिकडे सरकतें. आकारानें तें वाटाण्याएवढें असतें, आणि वर्षानुवर्षें दुर्लक्षिलें तर लिंबाएवढेंही होतें.

हें आवाळूं होतें तरी कसें, हें समजण्यासाठीं प्रथम आपल्या त्वचेचें रोजचें काम पाहिलें पाहिजे. त्वचेच्या सर्वांत वरच्या पातळ थरास बाह्यत्वचा म्हणतात. या थराच्या तळाशीं नव्या पेशी सतत जन्म घेत असतात. त्या वर वर सरकत जातात, वाटेंत चपट्या होतात, मरतात, आणि शेवटीं डोळ्यांस न दिसणाऱ्या खवल्यांच्या रूपानें गळून पडतात. तळापासून पृष्ठभागापर्यंतच्या या प्रवासास सुमारें ४ आठवडे लागतात. स्नानाच्या वेळीं अंग चोळतांना जो मळ निघतो, त्यांत या मेलेल्या पेशींचा वांटा मोठा असतो. या पेशींत केराटीन नांवाचें एक चिवट द्रव्य भरलेलें असतें. आपलीं नखें, आपले केस, बैलाचीं शिंगें व घोड्याचे खूर हीं सर्व मुख्यतः याच द्रव्याचीं बनलेलीं असतात.

आतां अशी कल्पना करा कीं, एका घराचें दार बाहेरून बंद झालें आहे, आणि आंतील माणसें मात्र पूर्वींप्रमाणेंच रोज इमानानें झाडलोट करीत आहेत. केर बाहेर टाकण्यास वाट नाहीं. मग तो दिवसेंदिवस घरांतच सांचत जाणार, हें उघड आहे. बाह्यत्वचेचा एखादा लहानसा भाग कांहीं कारणानें आंत वळून खालच्या थरांत अडकला, म्हणजे नेमकें हेंच घडतें. त्या पेशी आपलें नेहमींचें काम सोडीत नाहींत. त्या वाढतात, एकमेकींस चिकटून चेंडूसारखी बंद पिशवी तयार करितात, आणि आपले खवले त्या पिशवीच्या पोकळींत टाकीत राहतात. पिशवीस तोंड नाहीं, किंवा असलें तरी तें बुजलेलें. म्हणून केराटीन आंत सांचतें व पिशवी फुगत जाते. हेंच आवाळूं होय. इंग्रजी वैद्यकांत अशा पिशवीस सिस्ट म्हणतात, आणि बाह्यत्वचेसारखें तिचें अस्तर असतें म्हणून तिला एपिडर्मॉइड सिस्ट असें नांव आहे. पुष्कळ ठिकाणीं अजूनही सेबेशियस सिस्ट, म्हणजे तेलग्रंथींची पिशवी, असें म्हटलेलें ऐकूं येतें. तें नांव रूढ असलें तरी यथार्थ नाहीं. कारण आंत असतो तो त्वचेचा तेलकट स्राव नसून केराटीनच असतें. तें पांढुरकें-पिवळट व खव्यासारखें मऊ दिसतें, आणि त्यास एक विशिष्ट दुर्गंधि येते. या दुर्गंधीवरून शरीर आंतून कुजलें असा समज करून घेण्याचें कारण नाहीं. बंद घरांतील जुन्या केरास जशी घाण यावी, तशीच ती आहे.

पुष्कळ आवाळूंच्या मध्यभागीं एक बारीकसा काळा ठिपका दिसतो. त्यास मळ समजून लोक खरवडतात. वस्तुतः तें त्या पिशवीचें बुजलेलें तोंड होय, आणि ही गांठ आवाळूंच आहे हें ओळखण्याची ती एक चांगली खूण आहे.

आंत वळण्याचीं कारणें साधींच असतात. बहुतेक वेळां केसाच्या मुळाचें तोंड बुजतें. तारुण्यपीटिका फार येत असल्या तर असें घडण्याचा संभव अधिक. कधीं कधीं लहानशा जखमेच्या वेळीं वरच्या त्वचेचा कण आंत ढकलला जातो. कांटा रुतल्यावर, शिवतांना बोटांत सुई घुसल्यावर, किंवा कान टोंचल्यानंतर कानाच्या पाळींत, अशा गांठी कालांतरानें दिसूं लागतात. मात्र वांगें खाल्ल्यानें, तूप अधिक झाल्यानें, अंगांत उष्णता वाढल्यानें किंवा कोणाची दृष्ट लागल्यानें आवाळूं होत नाहीं. तें स्पर्शजन्यही नाहीं. ज्याच्या मानेवर आवाळूं आहे अशा मुलाच्या शेजारीं बसल्यानें, त्याच्या कंगव्यानें केस विंचरल्यानें किंवा त्याच्या तांब्यानें पाणी प्यायल्यानें तें दुसऱ्यास होत नाहीं. ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांनीं विशेष ध्यानांत ठेवावी.

डोक्यावरील आवाळूं थोड्या निराळ्या जातीचें असतें. तें केसाच्या मुळाच्या अस्तरापासून बनतें, बहुधा त्यावर काळा ठिपका नसतो, तें हातास अधिक टणक लागतें, आणि पुष्कळ घराण्यांत तें आईबापांकडून मुलांकडे चालत येतें. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांत दहावींतील एक मुलगा ऐन उन्हाळ्यांतही डोक्यावरची टोपी काढीत नसे. टाळूवरच्या गांठीवरून मुलें त्यास 'शिंगवाला' म्हणून चिडवीत. त्याच्या वडिलांस बोलावून विचारतां कळलें कीं, मुलाच्या आजीस व आईसही तशीच गांठ होती. आईची गांठ गांवांतील एका माणसाकडून दोन वेळां फोडवून घेतली होती आणि दोन्ही वेळां ती परत आली होती. 'आमच्या घराण्याचा हा भोगच आहे,' असें ते म्हणाले. पुढें मायलेकरांस रुग्णालयांत नेलें. सुमारें अर्ध्या तासाच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनीं मुलाच्या डोक्यांतून निघालेली गांठ वडिलांस दाखविली. ती सोललेल्या वाटाण्यासारखी सबंध, गुळगुळीत व पांढरी होती. दोन वेळां फोडूनही आईची गांठ परत कां आली, याचें उत्तर त्या वाटाण्यांतच होतें.

तें उत्तर असें. गांठ दाबून किंवा टोंचून आपण काढतों तो केवळ सांचलेला केर. तो निर्माण करणारी पिशवी आंत तशीच राहते. बाहेरचें छिद्र चार दिवसांत बुजतें, पिशवीच्या पेशी आपलें काम पुन्हां चालूं करितात, आणि कांहीं आठवड्यांत किंवा महिन्यांत गांठ पूर्ववत् होते. इतकेंच झालें असतें तर केवळ श्रम फुकट गेले असें म्हणून आपण स्वस्थ बसलों असतों. परंतु याहून वाईट गोष्ट घडते. जोरानें दाबल्यास पिशवी पुष्कळदां बाहेर न फुटतां आंतल्या आंत फुटते. केराटीन पिशवींत होतें तोंवर शरीरास त्याची बाधा नव्हती. तेंच भोंवतालच्या मांसांत सांडलें म्हणजे शरीर त्यास परकें समजून त्यावर तुटून पडतें. मग ती जागा लाल होते, सुजते, ठणकते. त्यांत नखांवरील किंवा सुईवरील जंतु शिरले तर खरोखरीचा पू होतो व ताप येतो. अशी एकदां भडकलेली पिशवी भोंवतालच्या भागास घट्ट चिकटते आणि पुढें शस्त्रक्रियेच्या वेळीं ती सबंध निघणें कठीण होऊन बसतें. जें काम अर्ध्या तासाचें होतें, तें आपण आपल्या हातांनीं अवघड करून ठेवतों.

हाच विचार घरगुती लेपांस लावून पाहावा. गूळ-चुना, बिब्बा, निरनिराळीं मलमें यांपैकीं कोणतेंही द्रव्य त्वचेच्या खालच्या पिशवीस विरघळवूं शकत नाहीं. चुन्यानें व बिब्ब्यानें वरची चांगली त्वचा मात्र भाजते. तेथें व्रण पडतो आणि जन्मभराचा डाग राहतो. चेहऱ्यावर, विशेषतः डोळ्याजवळ, असे प्रयोग करणें म्हणजे निरुपद्रवी गांठीच्या बदल्यांत कायमचें व्यंग विकत घेणें होय.

मग उपाय काय? पहिला उपाय ऐकून कित्येकांस आश्चर्य वाटेल. आवाळूं लहान असेल, दुखत नसेल, वाढत नसेल, आणि तें आवाळूंच आहे अशी डॉक्टरांनीं एकदां खात्री केली असेल, तर कांहींही न करणें हाही एक योग्य उपाय आहे. कित्येक गांठी जन्मभर जशाच्या तशा राहतात. परंतु गांठ वाढूं लागली, वारंवार सुजूं लागली, कपड्याच्या पट्ट्याखालीं, टोपीखालीं किंवा दप्तराच्या बंदाखालीं घांसूं लागली, अथवा तिच्यामुळें मुलास लाज वाटूं लागली, तर ती काढविणें इष्ट. लाज हें कारण कांहीं पालकांस क्षुल्लक वाटतें. वर्गांत रोज उभें राहणाऱ्या आम्हांस तें तसें वाटत नाहीं.

ही शस्त्रक्रिया पुढीलप्रमाणें होते. गांठीभोंवतालच्या जागेंत सुईनें बधिरतेचें औषध देतात. त्या सुईची टोंचणी व थोडीशी जळजळ एवढेंच रोग्यास कळतें. पुढें ओढल्यासारखें वाटलें तरी दुखत नाहीं, आणि तो जागाच असतो. नंतर सर्जन काळ्या ठिपक्यासह कातड्यास लहानसा छेद घेऊन पिशवी भोंवतालच्या भागापासून हलक्या हातानें सोडवितात व शक्य तर न फोडतां सबंध बाहेर काढतात. मग टांके घालून जखम बंद करितात. चेहऱ्यावरील टांके साधारणतः ५ ते ७ दिवसांनीं काढतात. पाठीवरील टांक्यांस १० ते १४ दिवस लागतात. मधुमेह असेल, रक्त पातळ करणारें औषध चालूं असेल, किंवा पूर्वीं एखाद्या औषधाची बाधा झाली असेल, तर तें डॉक्टरांस आधींच सांगावें. बाहेर काढलेल्या गांठीविषयीं कांहीं शंका असल्यास ती सूक्ष्मदर्शकाखालीं तपासण्यासाठीं पाठवितात. डॉक्टरांनीं असें सुचविलें तर घाबरूं नये आणि तपासणीचा खर्च वांचविण्यासाठीं ती टाळूंही नये.

गांठ सुजून लाल झाली असेल तर मात्र बहुधा लगेच पिशवी काढीत नाहींत. पू झाला असल्यास छेद देऊन तो वाहूं देतात, जरूर असेल तरच जंतुनाशक औषधें देतात, आणि सूज ओसरल्यावर कांहीं आठवड्यांनीं पिशवी काढण्याचा विचार करितात. येथें पुष्कळ लोक चुकतात. पू निघाला, दुखणें थांबलें, म्हणजे रोग गेला असें समजून ते परत जात नाहींत. आणि पिशवी आंत राहिल्यामुळें वर्षभरांत पुन्हां तोच प्रसंग येतो. डॉक्टरांची भेट होईपर्यंत घरीं करावयाचें ते एवढेंच : हात स्वच्छ धुवावे, कोमट पाण्यांत भिजवून पिळलेल्या स्वच्छ फडक्यानें दिवसांतून तीन-चार वेळां शेकावें, आणि दाबूं नये.

शस्त्रक्रिया हा शब्द ऐकतांच आमच्या कित्येक पालकांच्या पोटांत गोळा उठतो. ही भीति निराधार नव्हती, ती जुनी झाली आहे इतकेंच. १८२० च्या सुमारास इंग्लंडचा राजा चौथा जॉर्ज याच्या डोक्यावर असेंच एक आवाळूं होतें. तें काढण्याचें काम अ‍ॅस्टली कूपर या त्या काळच्या अत्यंत नामांकित सर्जनाकडे आलें. एवढा कुशल पुरुष, परंतु हें काम अंगावर घेण्यास तो नाखूष होता. त्यास भीति छेदाची नव्हती. छेदानंतर धांवरें उठण्याची होती. जखमेंतून पसरणाऱ्या या संसर्गानें त्या काळीं क्षुल्लक शस्त्रक्रियेनंतरही माणसें दगावत. राजा सुदैवानें बरा झाला आणि १८२१ सालीं कूपर यांस बॅरोनेट ही पदवी मिळाली. जें काम आज तालुक्याच्या ठिकाणींही होऊं शकतें, तें दोनशें वर्षांपूर्वीं राजाच्या बाबतींतही जिवावरचें होतें.

या दोनशें वर्षांत दोन भिंती पडल्या. एक वेदनेची व दुसरी संसर्गाची. वेदनेची भिंत पडण्याच्या कथेंतही मानेवरची एक गांठ आहे, हें वाचून आमच्या विद्यार्थ्यांस मौज वाटेल. अमेरिकेंतील जॉर्जिया संस्थानांत जेफर्सन नांवाच्या लहानशा गांवीं क्रॉफर्ड लाँग हे तरुण डॉक्टर होते. जेम्स व्हेनेबल नांवाच्या एका गृहस्थाच्या मानेच्या मागील बाजूस दोन लहान गांठी होत्या. परंतु वेदनेच्या भयानें तो शस्त्रक्रिया पुढें ढकलीत असे. ३० मार्च १८४२ रोजीं लाँग यांनीं त्यास टॉवेलावर ओतलेलें इथर हुंगावयास दिलें व एक गांठ काढली. काम संपलें असें सांगितलें तेव्हां त्याचा विश्वासच बसेना. काढलेली गांठ डोळ्यांसमोर धरल्यावर त्याची खात्री पटली. लाँग यांनीं ही हकीकत १८४९ पर्यंत प्रसिद्ध केली नाहीं. दरम्यान १८४६ सालीं बोस्टन येथें मॉर्टन यांनीं इथरचा जाहीर प्रयोग करून दाखविला व त्याची कीर्ति जगभर झाली. पुढें १८८४ सालीं कार्ल कोलर यांनीं कोकेनच्या थेंबांनीं डोळा बधिर करून दाखविला. तेव्हांपासून सबंध मनुष्यास निजविण्याऐवजीं हवा तेवढाच भाग बधिर करण्याची विद्या वाढत गेली. आज अशा शस्त्रक्रियेंत सामान्यतः वापरतात तें लिग्नोकेन हें औषध स्वीडनमध्यें १९४३ सालीं प्रथम तयार झालें. संसर्गाची भिंत पाडण्याचें श्रेय जोसेफ लिस्टर यांच्याकडे जातें. जखमेंतील जंतूंचा नाश केल्यास ती पिकत नाहीं, हें त्यांनीं १८६७ सालीं प्रसिद्ध केलें. तेव्हां आज जो पालक शस्त्रक्रियेस भितो व घरीं सुईनें गांठ टोंचतो, तो लिस्टरपूर्वींच्या काळाचा धोका स्वतःहून पत्करीत असतो.

आपल्या देशांतही ही विद्या परकी नाहीं. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांत ग्रंथि व अर्बुद यांचा स्वतंत्र अध्याय आहे, आणि गांठींचे प्रकार लक्षणांवरून वेगळे ओळखावे असा त्याचा रोख आहे. तोच रोख आज आपणही ठेवावयास हवा. कारण त्वचेखालची प्रत्येक गांठ आवाळूंच असते असें नाहीं.

चरबीची गांठ आवाळूपेक्षां मऊ असते, बोटाखालून निसटते, व तिजवर ठिपका नसतो. तीही बहुधा निरुपद्रवी असते. मनगटावर येणाऱ्या गांठीस गँगलियन म्हणतात. ती सांध्याच्या वेष्टणापासून निघते व तींत घट्ट, चिकट द्रव असतो. इंग्लंडांत पूर्वीं ती जाड पुस्तकाच्या तडाख्यानें फोडीत. घरांतील सर्वांत जाड पुस्तक बहुधा बायबल असे, म्हणून तिला 'बायबलची गांठ' असें नांव पडलें. कोणताही ग्रंथ वाचण्यासाठीं असतो, मनगटावर हाणण्यासाठीं नव्हे. अशा तडाख्यानें हाडास इजा होऊं शकते व गांठ पुन्हां भरते; उलट कित्येक गँगलियन कांहीं न करितां आपोआप जिरतात.

लहान मुलांच्या आईबापांनीं दोन गोष्टी विशेष ध्यानांत ठेवाव्या. पहिली : भुंवईच्या बाहेरच्या टोंकाशीं किंवा नाकाच्या मध्यरेषेवर जन्मापासून अथवा अगदीं लहानपणापासून दिसणारी गांठ साध्या आवाळूची नसते. गर्भावस्थेंत त्वचा जुळून येतांना आंत राहिलेल्या भागाची ती पिशवी असते. नाकावरची गांठ तर कधीं कधीं कवटीच्या आंतपर्यंत गेलेली असते. तिला टोंचणें अत्यंत धोक्याचें आहे. दुसरी : मानेच्या बाजूस, काखेंत किंवा जांघेंत येणाऱ्या गांठी पुष्कळदां लसिकाग्रंथी असतात. दांत, घसा किंवा डोक्यावरील जखम यांमुळें त्या सुजतात व उतरतात. परंतु दोन-तीन आठवडे होऊनही मानेवरची गांठ उतरत नसेल, एकाच्या जागीं अनेक होत असतील, बारीक ताप येत असेल, किंवा मूल वाळत असेल, तर ती गंडमाळा, म्हणजे ग्रंथींचा क्षयरोग, असूं शकते. तो औषधांनीं बरा होतो. सामान्यतः ६ महिने औषधें नेमानें घ्यावीं लागतात, आणि सरकारी रुग्णालयांत त्याची तपासणी व औषधें विनामूल्य मिळतात. आवाळूं समजून ती दडवून ठेवणें म्हणजे मुलाचे महत्त्वाचे महिने वायां घालविणें होय.

याखेरीज पुढील खुणांपैकीं एकही दिसली तर विलंब न करितां डॉक्टरांकडे जावें. गांठ थोड्याच आठवड्यांत झपाट्यानें वाढणें. ती दगडासारखी टणक असणें व बोटानें न सरकणें. तिचा व्यास ५ सेंटिमीटरांहून अधिक होणें. वरची त्वचा फुटून व्रण पडणें किंवा रक्त येणें. विनाकारण दुखूं लागणें. एकदां काढल्यावर ती परत येणें. अथवा स्तनांत गांठ लागणें. यांपैकीं एखादी खूण दिसली म्हणजे कर्करोगच झाला असें नव्हे. बहुतेक वेळां तो नसतोच. परंतु तो आहे कीं नाहीं, हें ठरविणें आरशासमोर उभें राहून होत नाहीं, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांस विचारूनही होत नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं एखाद्याच्या अंगावर अशी गांठ असेल, व ती कोणी पाहूं नये म्हणून तो कॉलर वर ओढून बसत असेल. त्यानें आजच घरीं आईस किंवा वडिलांस ती दाखवावी. घरीं सांगण्याचा धीर होत नसेल तर वर्गशिक्षकांस सांगावें. तेवढ्यासाठींच आम्ही येथें आहों. आणि ज्यांच्या अंगावर गांठ नाहीं त्यांनीं, दुसऱ्याच्या गांठीवरून त्यास नांव ठेवण्यापूर्वीं, ती म्हणजे आपल्याच त्वचेसारख्या त्वचेचा आंत अडकलेला एक तुकडा आहे, हें आठवावें.

पालकहो, आपणांस एवढीच विनंति कीं, मुलानें गांठ दाखविली तर त्यास रागावूं नये, घाबरवूं नये, आणि ती आपल्या हातानें फोडूं नये. एक दिवस मोडून त्यास डॉक्टरांकडे न्यावें. दहांपैकीं बहुतेक वेळां 'कांहीं काळजी नाहीं' असें ऐकून आपण परत याल. आणि तेवढें ऐकण्यासाठीं गेलेला दिवस फुकट गेला असें कोणत्याही आईबापांस वाटणार नाहीं.